पित्ताशयाची शस्त्रक्रिया : आतला नकाशा प्रत्येकाचा निराळा

गेली अनेक वर्षे एक वाक्य मी रुग्णांशी सहज बोलून जात असे : "काही नाही, साधेच ऑपरेशन आहे. चार छिद्रे पाडतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी." पित्ताशयात खडे असल्याचा सोनोग्राफीचा अहवाल घेऊन रुग्ण समोर बसलेला असतो, घरच्यांचे चेहरे उतरलेले असतात, आणि अशा वेळी धीर देणे हे आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांचे कामच असते. वाक्य खोटे नव्हते. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत अगदी तसेच घडते. तरीही त्यातला 'साधेच' हा शब्द मी पुढे सोडून दिला. तो का सोडला, हे आज सविस्तर सांगावेसे वाटते.

आमच्या तालुक्याच्या गावातील एक बाई, वय पन्नाशीच्या जवळपास. यजमान एस.टी.त चालक. लग्नाच्या पंगतीत जेवण झाले की त्याच रात्री बरगडीखाली उजव्या बाजूला कळ यायची, ती मागे पाठीत आणि उजव्या खांद्याच्या टोकापर्यंत जायची. पहिल्या दोन वेळा मी पित्ताचे औषध देऊन घरी पाठवले, हेही येथे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या वेळी सोनोग्राफी केली, खडे दिसले, आणि मी माझे ठरलेले वाक्य बोललो. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी आग्रहाने मलाही बोलावले. थिएटरात टेबलापासून चार हात दूर, पडद्याकडे पाहत मी उभा होतो. पहिली वीस मिनिटे सारे सुरळीत चालले होते. मग पडद्यावर एकाएकी लाल लोंढा उसळला. शल्यविशारदाने कापसाची घडी दाबून धरली, पाच मिनिटे थांबून पाहिले, पुन्हा दाबली. मग त्यांनी दुर्बीण बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "पोट उघडतोय. डॉक्टर, बाहेर जाऊन तुम्ही सांगा."

बाहेर जाऊन मी सांगितले. यजमानांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होता न्हवं, चार भोकं पाडायची आन् दुसऱ्या दिवशी घरी?"

त्या प्रश्नात राग कमी आणि भीती अधिक होती. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर पित्ताशयाकडे जाणाऱ्या एका बारीक रक्तवाहिनीत दडलेले आहे.

पित्त आणि पित्त

प्रथम एक गोंधळ दूर करू. मराठीत आपण 'पित्त झाले' म्हणतो तेव्हा आपल्या मनात असते ते जठरातील आम्ल, म्हणजे छातीतील जळजळ, आंबट ढेकर, उलटी. पित्ताशयातले पित्त निराळे. ते यकृतात तयार होते, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनाला मदत करते. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, लांबट वांग्याच्या आकाराची जी पिशवी असते ती पित्ताशय. दोन जेवणांच्या मधल्या वेळात तेथे पित्त साठते, आटून दाट होते, आणि तुपातेलाचे अन्न पोटात गेले की पिशवी आकुंचन पावून ते आतड्यात सोडते. या दाट पित्तातील कोलेस्टेरॉल व इतर घटक साकळले की खडे होतात. जळजळीचे 'पित्त' होऊन हे खडे होत नाहीत, आणि लिंबू-सरबत किंवा कसलासा काढा पिऊन ते विरघळूनही जात नाहीत.

खडे आहेत पण त्रास काहीच नाही, असे असेल तर बहुतेकांना शस्त्रक्रियेची घाई नसते. वारंवार कळ येणे, पित्ताशयाला सूज येणे, खडा घसरून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होणे, असे घडू लागले की मात्र पित्ताशय काढून टाकणे हाच मार्ग उरतो. पित्ताशयावाचून मनुष्य सुखाने जगतो. यकृताचे पित्त मग थेट आतड्यात उतरते, एवढाच फरक.

दोनच गोष्टी कापायच्या असतात

या शस्त्रक्रियेचे सूत्र सांगायला सोपे आहे. पित्ताशय दोन गोष्टींनी बांधलेले असते. एक, त्याची स्वतःची छोटी नलिका, जी मुख्य पित्तनलिकेला जाऊन मिळते. आणि दुसरी, त्याला रक्त पुरवणारी रोहिणी. या दोन्हींना चिमटे लावायचे, त्या कापायच्या आणि पिशवी यकृतापासून सोडवून बाहेर काढायची. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी जगातील पहिले पित्ताशय यशस्वीपणे काढले. त्याआधी कित्येक वर्षे ते मृतदेहांवर या शस्त्रक्रियेचा सराव करीत होते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया खूपच अलीकडची. जर्मनीत एरिख म्यूए यांनी ती १९८५ मध्ये केली, १९८७ मध्ये फ्रान्समधील लियों येथे फिलिप मुरे यांनी केली, आणि आपल्याकडे १९९० साली मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी तिचा पाया घातला. तंत्र बदलले, जखम लहान झाली; आत कापायच्या गोष्टी मात्र त्याच दोन राहिल्या.

अडचण अशी, की या दोन गोष्टी मोकळ्या माळावर नसतात. पित्ताशयाची नलिका, यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका आणि वर यकृताची कड, यांच्यामध्ये एक चिंचोळा त्रिकोण तयार होतो. ज्यां-फ्रांस्वा कालो या फ्रेंच वैद्याने १८९१ च्या सुमारास या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला कालोचा त्रिकोण म्हणतात. कालोने स्वतः त्रिकोणाची वरची बाजू म्हणून पित्ताशयाची रोहिणीच धरली होती. आज आपण यकृताची कड धरतो. हा त्रिकोण चरबीने आणि पातळ पडद्यांनी भरलेला असतो. वारंवार सूज येऊन गेलेली असेल तर तेथे चिवट, दगडासारखा थर बसतो. त्या थराखाली चाचपडत ती बारीक रोहिणी शोधायची असते आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या दोन मोठ्या गोष्टींना धक्का लावायचा नसतो : एक म्हणजे मुख्य पित्तनलिका, आणि दुसरी यकृताच्या उजव्या भागाला रक्त नेणारी उजवी यकृत-रोहिणी.

पाठ्यपुस्तकातील चित्रात हे सारे फार सुबक असते. महाधमनीतून एक फाटा, त्यातून यकृताची रोहिणी, तिच्या उजव्या व डाव्या शाखा, आणि उजवीतून त्रिकोणाच्या मधोमध निघालेली पित्ताशयाची एकुलती एक रोहिणी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी हे चित्र मी कितीदा काढले असेन! लाल पेन्सिलीने रोहिणी, हिरव्याने पित्तनलिका. विच्छेदनाच्या टेबलावर आमच्या गटाच्या वाट्याला आलेल्या देहात ती चित्राप्रमाणे सापडली नाही, तेव्हा आपणच काहीतरी चुकीचे कापले असावे असे समजून आम्ही गप्प बसलो होतो.

चित्रासारखे शरीर निम्म्यांचेच

आम्ही चुकलो नव्हतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मिशेल्स यांनी दोनशे मृतदेहांचे बारकाईने विच्छेदन करून यकृताच्या रोहिण्यांचे दहा प्रकार नोंदवले. १९६६ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ही वर्गवारी आजही शिकवली जाते. पाठ्यपुस्तकी रचना त्यांना सापडली सुमारे ५५ टक्के देहांत. म्हणजे जवळजवळ निम्म्या माणसांचा आतला नकाशा छापील नकाशाशी जुळत नाही. हा आजार नव्हे, व्यंगही नव्हे. एखाद्याच्या तळहातावरची निळी शीर जशी दुसऱ्याच्या हातावर त्याच जागी नसते, तसेच हे.

असे का होते? गर्भात यकृताचा कोंब चौथ्या आठवड्यात फुटतो. तेव्हा त्याला एका नव्हे, तीन ठिकाणांहून रक्त मिळते : डावीकडे जठराच्या रोहिणीतून, मध्ये मुख्य फाट्यातून आणि उजवीकडे आतड्यांना पोसणाऱ्या रोहिणीतून. पुढे बहुतेकांमध्ये मधली वाट रुंदावते आणि कडेच्या दोन्ही वाटा मिटून जातात. काहींमध्ये मात्र कडेची वाट टिकून राहते, मधलीच मिटते, किंवा दोन्ही नांदतात. उजवीकडची वाट टिकली तर उजवी यकृत-रोहिणी आतड्यांच्या रोहिणीतून निघते आणि खालून वर, पित्तनलिकेच्या मागून व उजव्या बाजूने चढत त्या त्रिकोणात शिरते. हा प्रकार दुर्मीळ नाही. दर आठ-दहा माणसांत एकाच्या पोटात तो असू शकतो. शल्यविशारदाच्या दृष्टीने यातला धोका असा, की ही रोहिणी पित्ताशयाच्या नलिकेला जवळजवळ समांतर, तिच्या अगदी बाजूने जाते. पित्ताशयाचीच रोहिणी समजून तिला चिमटा लावला, तर यकृताच्या उजव्या भागाचा रोहिणीचा पुरवठाच तुटतो.

दुसरा प्रकार आमच्या त्या बाईंचा. याला मॉयनिहनचा उंचवटा म्हणतात. बर्कली मॉयनिहन हे इंग्लंडमधील लीड्सचे विख्यात शल्यविशारद होते. यात उजवी यकृत-रोहिणी सरळ यकृतात न जाता पाठ उंचावलेल्या सुरवंटासारखी वळण घेते, आणि त्या वळणाचा उंचवटा थेट पित्ताशयाच्या मानेशी येऊन टेकतो. त्या उंचवट्यावरून पित्ताशयाकडे जाणारी रोहिणी मग अगदी आखूड असते, काही मिलिमीटरच. पित्ताशय ओढले की ती ताणली जाते आणि मुळाशी फाटू शकते. त्या दिवशी नेमके तेच झाले होते. पडद्यावर दिसलेला लोंढा त्या आखूड फांदीच्या मुळातून, म्हणजे जवळजवळ मोठ्या रोहिणीच्या अंगातूनच येत होता.

वेगळेपणाचे आणखीही प्रकार आहेत. काहींत पित्ताशयाला एकाऐवजी दोन रोहिण्या असतात. एक बांधली की काम झाले असे वाटते आणि दुसरी नंतर रक्त सोडते. कित्येकांमध्ये ती मुख्य पित्तनलिकेच्या मागून न येता पुढून ओलांडते. काहींमध्ये ती खालून, जठर व ग्रहणी यांच्याकडे जाणाऱ्या रोहिणीतून निघून त्रिकोणाच्या बाहेरूनच येते, त्यामुळे त्रिकोणात कितीही शोधले तरी सापडत नाही. नीलांचेही असेच. पित्ताशय ज्या खोलगट जागी यकृताला चिकटलेले असते, त्या जागेच्या अगदी पृष्ठाशी यकृताच्या मधल्या नीलेची एखादी जाड शाखा असू शकते. पित्ताशय सोडवताना हात जरा खोल गेला तर तिच्यातून काळपट रक्त संथपणे भरत राहते. रोहिणीसारखे ते उसळत नाही, म्हणून सुरुवातीला त्याचे गांभीर्य कळत नाही.

रक्तापेक्षा घाई घातक

वाचकांना वाटेल, रोहिणी फाटली, रक्त आले, चिमटा लावावा, संपले. पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाचे डोळे म्हणजे तो कॅमेरा. रक्त प्रकाश शोषून घेते. थोडेसे रक्त साचले तरी पडदा काळवंडतो, भिंगावर एक थेंब उडाला तरी सारे दिसेनासे होते. शिवाय पडद्यावरचे चित्र कित्येक पटींनी मोठे असल्याने चमचाभर रक्तही पुरासारखे भासते. अशा क्षणी लाल डोहात अंदाजाने चिमटा मारण्याचा मोह होतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील काही सर्वांत वाईट इजा याच क्षणी होतात, कारण त्या डोहाच्या तळाशी मुख्य पित्तनलिका असते.

यकृताची उजवी रोहिणी चुकून बंद झाली, तर यकृत बहुधा तग धरते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशद्वार-नीलेतून येते, आणि रोहिण्यांच्या आडवाटाही असतात. पित्तनलिकेचे तसे नाही. तिचे पोषण रोहिणीच्या बारीक फांद्यांवरच चालते. नलिकेला इजा आणि जोडीला रोहिणीही बंद, असे दोन्ही झाले की जोडलेली नलिका नीट भरून येत नाही, ती आक्रसते, आणि पुन:पुन्हा ताप, थंडी, कावीळ सुरू होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला मोठी इजा होण्याचे प्रमाण हजारी तीन ते पाच इतके सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आकडा लहान आहे. पण ज्याच्या वाट्याला तो येतो त्याचे पुढचे आयुष्य बदलते.

याचे इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनचे अँथनी ईडन. परराष्ट्रमंत्री असताना १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये त्यांचे पित्ताशय काढण्यात आले आणि त्यात पित्तनलिकेला इजा झाली. लंडनमध्येच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि अखेर जूनमध्ये अमेरिकेत बोस्टनला जाऊन डॉ. रिचर्ड कॅटेल यांच्याकडून नलिका दुरुस्त करून घ्यावी लागली. पुढे १९५५ मध्ये ते पंतप्रधान झाले. सुवेझ कालव्याचा पेच ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९५६ मध्ये, त्यांना सडकून ताप भरला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पुन्हा बोस्टन गाठावे लागले. देशाच्या परराष्ट्रमंत्र्याची शस्त्रक्रिया, तीही राजधानीत, म्हणजे उपचारांत उणे काही राहिले असेल असे मानणे कठीण. तरीही ती दोन-तीन इंचांची जागा भल्याभल्यांना चकवते.

मग सावध शल्यविशारद करतो काय? रक्त आले की प्रथम दाबतो आणि थांबतो. कधी कापसाच्या घडीने, कधी पित्ताशयाचाच भाग त्या जागी टेकवून. काही मिनिटांत बहुतेक रक्तस्राव मंदावतात. मग जागा स्वच्छ करून, मूळ डोळ्यांनी पाहून, तेवढ्याच ठिकाणी चिमटा लावतात. तरीही दिसत नसेल तर पोट उघडतात. पोट उघडल्यावर एक जुनी युक्ती हाताशी येते. ग्लासगोचे जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये ती सांगितली : यकृताकडे रोहिणी, नीला व पित्तनलिका ज्या एकाच पदरातून जातात, तो पदर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायचा. यकृताकडे जाणारे रक्त तेवढ्यापुरते थांबते, आणि फाटलेली जागा स्पष्ट दिसते. त्या दिवशी आत हेच केले गेले. चिमटीत पदर धरला, लोंढा थांबला आणि मॉयनिहनचा उंचवटा समोर आला. मोठ्या रोहिणीचा प्रवाह चालू ठेवून फाटलेले तोंड बारीक धाग्याने शिवले. दुर्बिणीतून अंदाजाने चिमटा मारला असता तर तो बहुधा त्या उंचवट्यावरच बसला असता, असे शल्यविशारदांनी नंतर मला कागदावर चित्र काढून दाखवले.

मुळात रक्त येऊच नये यासाठीही शिस्त आहे. १९९५ साली अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी एक कसोटी मांडली, ती आता जगभर मानली जाते. त्रिकोणातील चरबी व पडदे पूर्ण साफ झालेले असावेत. पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा झालेला असावा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसाव्यात. हे तिन्ही डोळ्यांना दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही. त्यात रोहिणी नेहमीपेक्षा जाड, तीन मिलिमीटरहून अधिक वाटली, तर ती पित्ताशयाची नसून यकृताची असावी असा संशय घेऊन तिचा पुढे माग काढायचा : ती खरोखर पित्ताशयात संपते, की वळण घेऊन यकृताकडे जाते? यकृताच्या खालच्या अंगाला बहुतेकांमध्ये एक खाच असते. रुव्हिएर यांनी १९२४ मध्ये तिचे वर्णन केले. तिच्या वरच्या बाजूनेच काम करायचे, खाली उतरायचे नाही, हाही एक नियम. आणि सूज इतकी असेल की कसोटी पुरी होणेच शक्य नाही, तर पित्ताशयाचा काही भाग जागीच ठेवून उरलेला काढणे, हाही मान्य मार्ग आहे. अशा वेळी 'अर्धवट ऑपरेशन केले' म्हणून नातेवाईक रागावतात. तो अर्धवटपणा बहुतेकदा जाणून-बुजून पत्करलेला असतो.

आधीच का कळत नाही?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. सोनोग्राफीत खडे, पिशवीची जाडी, नलिकेची रुंदी दिसते. दोन-तीन मिलिमीटरची रोहिणी आणि तिचा उगम दिसत नाही. एमआरसीपी ही तपासणी पित्तनलिकांचे उत्तम चित्र देते, रोहिण्यांचे नाही. शिरेतून औषध सोडून केलेल्या सीटी अँजिओग्राफीत रोहिण्या दिसतात. पण प्रत्येक खड्याच्या रुग्णाला तेवढा किरणोत्सर्ग, ते औषध आणि तो खर्च सोसायला लावणे योग्य नाही, आणि तसे कोठेही सरसकट केले जात नाही. यकृत-प्रत्यारोपणासाठी किंवा कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी मात्र तो नकाशा आवर्जून काढतात. पित्ताशयाच्या बाबतीत प्रत्येक रुग्ण अपरिचित आहे असे धरूनच आत जावे लागते.

म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर 'गरज भासल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास संमती' असे जे वाक्य असते, ते सही करण्यापूर्वी कृपया वाचा, आणि त्याचा अर्थ शल्यविशारदांना विचारा. ते किती वेळा उघडतात, कोणत्या परिस्थितीत उघडतात, हे विचारण्यात संकोच नको. 'मी कधीच उघडत नाही' या उत्तरापेक्षा 'गरज पडली की उघडतो' हे उत्तर मला स्वतःला अधिक धीर देते. पोट उघडले तर मुक्काम एक-दोन दिवसांऐवजी पाच-सात दिवसांचा होईल, वेदना जास्त असतील, कामावर परतायला काही आठवडे लागतील. खर्चही वाढेल. त्याची तयारी घरात आधीच बोलून ठेवलेली बरी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर ती आवर्जून सांगा. मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयात स्टेंट असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

घरी आल्यानंतर काय पाहावे? डोळ्यांत पिवळेपणा, थंडी वाजून ताप, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे, यांतील काहीही झाले तर 'गॅस असेल' म्हणून थांबू नका. एक लक्षण फारसे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी, डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा रक्ताची उलटी होणे आणि जोडीला उजव्या बाजूला कळ व कावीळ असणे. रोहिणीच्या दुखावलेल्या भिंतीला फुगा येऊन तो पित्तनलिकेत फुटला की असे होते. हे क्वचितच घडते. पण तेव्हा जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जावे. तेथे मांडीच्या रोहिणीतून नळी घालून तो फुगा आतून बंद करता येतो.

आणखी एक किरकोळ शंका. आत राहिलेले चिमटे बहुधा टायटॅनियमचे असतात आणि जन्मभर तेथेच राहतात. पुढे एमआरआय करण्याची वेळ आली तर तंत्रज्ञाला त्यांची कल्पना द्यावी. त्यामुळे सहसा अडचण येत नाही.

आमच्या त्या बाई सातव्या दिवशी घरी गेल्या. रक्ताची एक पिशवी द्यावी लागली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा शल्यविशारदांनी काढलेले ते चित्र यजमानांना दाखवले, सुरवंटासारखे वळण समजावून सांगितले, आणि 'साधेच ऑपरेशन' म्हणालो होतो ती माझी चूक होती, हेही सांगितले. ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे घाटात धुकं आल्यागत झालं. आम्हीबी गाडी कडंला घेऊन उभी करतो." बाई खाटेवरून हसल्या, आणि टाक्याला हात लावून कळवळल्या.

ते चित्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतले. दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या बहिणीला खडे निघाले तेव्हा दोघी माझ्या दवाखान्यात आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत शस्त्रक्रियेची सारी कागदपत्रे, त्यात घडी पडलेले ते चित्रही होते. बहिणीने विचारले, "डॉक्टर, ऑपरेशन साधंच असतं ना?" मी उत्तर देण्याआधीच थोरलीने पिशवीत हात घालून चित्र बाहेर काढले आणि टेबलावर पसरले.